हळद लागलेला ट्राउट

ज्या देशात नदीतल्या माशाची लांबीसुद्धा कायद्याने ठरवून दिलेली असते, त्या देशात प्रामाणिक माणसाला कशाचेही भय नसते. हे मत हृषिकेशने मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्लीतल्या आपल्या भाड्याच्या घराच्या परसात, हिरवळीवर गळ टाकण्याचा सराव करताना मांडले. मासेमारीचा परवाना त्या वेळी त्याच्या शर्टाच्या खिशात होता, लॅमिनेट केलेला. सर्वांत जवळचे पाणी शेजाऱ्यांच्या पाइपात होते.

"लॉनवर पण चेकिंग असतं का रे?" यामिनीने स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारले.

"सवय असलेली बरी."

"आत्ता म्हणालास ना, भय नाही म्हणून?"

"नाहीच. परवाना खिशात आहे म्हणून नाही."

या निर्भयतेला कारण होते. त्यांचा पीआरचा, म्हणजे कायम वास्तव्याचा, अर्ज कुठल्यातरी सरकारी संगणकात पडून होता आणि करोना आल्यापासून तो संगणकही बहुधा क्वारंटाइनमध्ये होता. पीआर नाही म्हणजे देशाबाहेर पाऊल टाकले की परत येण्याची खात्री नाही. पुण्यात आई एकटी होती आणि दर रविवारी व्हिडिओवर "कधी येतोस?" एवढे विचारून लगेच हवापाण्याकडे वळत होती. अर्जात चारित्र्याचा एक रकाना होता. तो भरल्यापासून हृषिकेश रिकाम्या रस्त्यावरही सिग्नलच्या हिरव्या माणसाची वाट पाहत उभा राही. आणखी एक सवय त्याला जडली होती. कोणी कागद मागण्याच्या आत कागद पुढे करायचा. एकदा सुपरमार्केटच्या दारात सॅनिटायझर देणाऱ्या मुलीला त्याने ड्रायव्हिंग लायसन्स दाखवले होते. ती "थँक्स" म्हणाली होती.

मासेमारीचे खूळ ब्लेझचे. ब्लेझ मूळचा वसईचा, डँडेनॉन्गच्या एका कारखान्यात इंजिनीअर, आणि गेल्याच वर्षी सिटिझन झालेला. त्यामुळे त्याच्या बोलण्यात एक प्रकारची मोकळी हवा असे. मेलबर्नभोवतीचा लॉकडाउनचा वेढा उठणार अशी बातमी आली, त्या दिवशीच त्याचा फोन आला.

"हृषी, डोंगरात जाऊ. ट्राउट मारू."

"लायसन्स लागतं."

"ऑनलाइन मिळतं रे, दोन मिनिटांत. आमच्या वसईला कोणी होडीवर येऊन लायसन विचारलं असतं ना, तर तो पोहत घरी गेला असता."

हृषिकेशला परवाना दोन मिनिटांत मिळाला आणि तो जरा हिरमुसला. इतक्या सहज मिळालेल्या कागदावर त्याचा विश्वास बसेना. मग त्याने नियम वाचायला घेतले, आणि वाचता वाचता थक्क होत गेला. दुपारच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून तो नियमच वाचत असे आणि मध्येच मोठ्याने "वा!" म्हणे. एकदा माइक चालू राहिला होता. त्याच्या मॅनेजरला वाटले, आपल्या स्लाइडला म्हणाला.

"यामिनी, ऐक. हिवाळ्यात ट्राउटना अंडी घालायची असतात. तेव्हा नद्यांवर त्यांना पकडायला बंदी. सरकारी बंदी!"

"म्हणजे मॅटर्निटी लीव्ह," यामिनी म्हणाली. "माझ्या ठाण्याच्या कंपनीत तेवढी पण नव्हती."

"आणि लहान मासा लागला तर सोडून द्यायचा. सोडताना आधी आपले हात ओले करायचे. त्याच्या अंगावरचा चिकट थर निघू नये म्हणून. हात ओले करून धरायचं गं! मला आयुष्यात कोणी इतकं जपून धरलेलं नाही."

त्यांची मुलगी रुचा अठराच्या आतली असल्यामुळे तिला परवाना लागत नाही, हे कळल्यावर मात्र हृषिकेश अस्वस्थ झाला. मग तिने दाखवायचे काय? त्याने तिचा पासपोर्ट बरोबर घ्यायचे ठरवले.

सगळ्यांत महत्त्वाचा नियम त्याने शेवटी वाचून दाखवला. मोजमाप करता यावे म्हणून, पाण्याजवळ असेपर्यंत मासा अखंड ठेवायचा. त्याचे डोके, शेपूट उडवायची नाही. हे त्याने स्पष्ट उच्चारात, दोनदा वाचले. यामिनी "हं" म्हणाली. मिक्सरमध्ये खोबरे वाटले जात होते.

डिसेंबरातल्या एका शनिवारी दोन गाड्या डोंगराकडे निघाल्या. पुढच्या गाडीत ब्लेझ एकटाच होता. त्याच्या बायकोची, मिल्ड्रेडची, हॉस्पिटलात शिफ्ट होती. मागच्या गाडीत हे तिघे, परवान्याची फाइल, मास्कचे खोके, गॅसची शेगडी, आणि यामिनीची पिशवी. त्या पिशवीत काय आहे हे हृषिकेशने विचारले नाही. नियम सगळे वाचले म्हणजे पिशव्या बघायच्या राहतात. वाटेत कॉफीसाठी थांबले तिथे त्याने दारावरचा क्यूआर कोड आत जाताना स्कॅन केला आणि बाहेर येतानाही केला.

"डॅड, बाहेर येताना नो नीड," रुचा म्हणाली.

"त्यांना कळायला नको, आपण निघालो ते?"

ब्लेझने गाठलेल्या त्या नदीचे नाव इथे देता येत नाही. मासे मारणारा माणूस एक वेळ बँकेचा पिन सांगेल, जागा सांगत नाही. कच्चा रस्ता संपतो तिथे गवताचा तुकडा, एक लाकडी टेबल, एक पत्र्याचे टॉयलेट, आणि खाली नदी. बाकी सगळा डोंगर. करड्या खोडांची उंचच उंच झाडे सरळ वर गेली होती आणि वरच्या टोकांचा हात लागेल असे आकाश होते. इतके महिने घराच्या चार भिंती आणि लॅपटॉपचा पडदा पाहिलेल्या हृषिकेशला एवढ्या लांबचे बघायची सवयच राहिली नव्हती. त्याचे डोळे दुखले. पाणी इतके स्वच्छ की तळाचे गोटे मोजता यावेत, आणि इतके गार की ब्लेझने त्यात बिअर ठेवली. रुचाने फोन खिशात ठेवला. यामिनीने हळूच हात जोडले; कोणाला, ते तिलाही सांगता आले नसते.

"असं काही असतं?" हृषिकेश कुजबुजला.

"असतं," ब्लेझ म्हणाला. "आता गप्प बस, मासे ऐकतात."

सकाळभर ब्लेझने पाण्यात वरून, खालून, आडवे, तिरपे, वसईच्या पूर्वजांना स्मरून गळ टाकले. एक झाडाची फांदी लागली. तिला किमान लांबीचा नियम नव्हता. हृषिकेशने मात्र सराव केला होता तो हिरवळीवर, त्यामुळे पाण्यात गळ टाकल्यावर तो बुडतो हे पाहून तो गडबडला. गुंता झालेली दोरी सोडवताना त्याने ती जोरात ओढली आणि दोरीने त्याला उलट ओढले.

त्यानंतर काय झाले यावर चौघांचे चार जबाब आहेत. हृषिकेश गुडघाभर पाण्यात होता, ब्लेझ "सैल सोड, सैल सोड, ओढ रे गाढवा!" असे एकाच दमात ओरडत होता, आणि मग गवतावर तो मासा होता. सोनेरी तपकिरी, अंगभर काळे ठिपके, आणि त्यात मधूनमधून लाल ठिपके, प्रत्येक लाल ठिपक्याभोवती फिकट कडे, जणू कोणी बारीक ब्रश घेऊन बसून रंगवले आहे. चौघेही गुडघ्यांवर बसले. यामिनी अलिबागची, तिने जन्मापासून मासे पाहिले होते, पण तेही ओट्यावर. "काय रूप आहे रे," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात थोडी भूक होती हे हृषिकेशच्या लक्षात आले नाही. ब्लेझने माशाचे हाल होऊ दिले नाहीत. तेवढे त्याला येत होते.

"मोजायला हवा," हृषिकेश म्हणाला.

"दिसतोय की मोठा."

"दिसण्यावर नाही. मोजपट्टी गाडीत आहे."

मोजपट्टी म्हणजे प्लास्टिकची गुंडाळी, जिच्यावर हृषिकेशने कायदेशीर लांबीपाशी लाल रेघ मारून ठेवली होती. ती डिकीत सगळ्यांत खाली होती, कारण ती त्याने सगळ्यांत आधी, आठवणीने ठेवली होती. टॉयलेटच्या बाजूला गाडी लावलेली, आणि नेमकी तिथेच फोनला थोडी रेंज होती. त्याला राहवले नाही. त्याने पुण्याला व्हिडिओ लावला. आई चहा घेत होती.

"आई, मासा मिळाला! मीच पकडला!"

"अगोबाई! मोठा आहे का?"

"मोजायचाय अजून."

"मोजायचाय काय? डोळ्यांनी बघ. आणि पाण्यात शिरलास का? केस ओले दिसतायत. बरं, कधी येतोस?"

"पीआर आलं की, आई."

"हं. इथे थंडी आहे हो चांगली," आई म्हणाली, आणि रेंज गेली.

मोजपट्टी घेऊन हृषिकेश टेबलापाशी आला तेव्हा मासा नव्हता.

"मासा कुठंय?"

"हा काय," यामिनी म्हणाली.

यामिनीच्या माहेरचा एक अलिखित कायदा आहे. पाण्यातून निघालेल्या माशाला मीठ-हळद लागेपर्यंत तो मासा नव्हे, जबाबदारी असते. पिशवीतून सुरी, पाट आणि मसाल्याचा डबा निघाला होता. ताटात पिवळ्याधमक तुकड्या ओळीने मांडलेल्या होत्या, एकसारख्या, सुबक. डोके कालवणासाठी बाजूला. शेपटीची बाजू रुचासाठी, तिला कुरकुरीत आवडते म्हणून.

"तू कापलास?"

"मग काय फ्रेम करायचा होता?"

"अगं, अखंड ठेवायचा होता! पाण्याजवळ असेपर्यंत! मी दोनदा वाचून दाखवलं!"

"कधी?"

"तू 'हं' म्हणालीस!"

"मिक्सर लावल्यावर मी कोणालाही हं म्हणते. लग्नाला एवढी वर्षं झाली, एवढं कळत नाही?"

"आणि एक पीस तो बर्ड घेऊन गेला," रुचाने भर घातली. वरच्या फांदीवर एक जाडजूड कूकाबरा चोच पुसत बसला होता. "ही वॉज सो क्विक."

हृषिकेश बाकावर बसला. त्याच्या मनात कलमे ओळीने उभी राहिली. न मोजलेला मासा. अखंड नसलेला मासा. काही अंशी बेपत्ता मासा. आणि त्याच क्षणी कच्च्या रस्त्यावरून एक पांढरी युट, मागे उघडा हौदा असलेली गाडी, धुरळा उडवत आली आणि टॉयलेटजवळ थांबली.

गाडीच्या दारावर कसलेसे चिन्ह होते. आतून एक उंच, वयस्क माणूस उतरला. केशरी जाकीट, रुंद कडेची हॅट, मास्क. त्याने सावकाश निळे रबरी हातमोजे चढवले. पुरावा हाताळायची तयारी, हृषिकेशने ओळखले. मग त्याने मागून लांब दांड्याचे काहीतरी काढले, टोकाला प्लास्टिकची पिशवी बांधलेले. हे मोजण्याचे सरकारी साधन असणार.

"फिशरीजवाला," ब्लेझ पुटपुटला, आणि त्याचा चेहरा उतरला. "हृषी, माझं लायसन ऑगस्टात संपलंय."

"काय? मग रिन्यू?"

"ऑगस्टात लॉकडाउनच्या पाच किलोमीटरच्या आत मी मासे मारणार कुठे होतो, बाथटबात? नंतर राहून गेलं."

"तू सिटिझन आहेस! तुला काय होणार आहे?"

"फाइन होईल! मिल्ड्रेड मला घरातून काढेल!" असे म्हणून ब्लेझने झाडामागून वळसा घातला, टॉयलेटमध्ये शिरला आणि आतून कडी लावली. मोकळी हवा अशी गेली.

"मास्क लावा," हृषिकेश बायको-मुलीला म्हणाला. तिघे मास्क लावून टेबलामागे उभे राहिले. मध्ये ताट.

"हाउ यू गोइंग?" म्हातारा जवळ येत म्हणाला. "सॉरी टु बॉदर यू, मी फक्त—"

पुढचे सगळे इंग्रजीत झाले. हृषिकेशचे इंग्रजी अशा वेळी अर्जाच्या भाषेत येते.

"गुड मॉर्निंग सर. हा माझा परवाना. ही त्याची प्रत. हा पत्नीचा, तिने गळाला हात लावलेला नाही, तरी काढलेला आहे. ही मुलगी, वय बारा, सूट आहे, हा पासपोर्ट."

म्हाताऱ्याने पासपोर्टकडे पाहिले. रुचाकडे पाहिले. "राइट," तो म्हणाला. "ते ठीक आहे, मेट, पण मला—"

"मासा. हो. मी त्यावरच येतो आहे." हृषिकेशने ताट पुढे सरकवले. "हा तो मासा."

म्हातारा बराच वेळ त्या पिवळ्या तुकड्यांकडे पाहत राहिला. "राइट," तो पुन्हा म्हणाला, जरा हळू.

"मान्य आहे, तो अखंड असायला हवा होता. तो अखंड होता. माझ्याकडे साक्षीदार आहेत. मी तुम्हाला लांबी सिद्ध करून दाखवतो." मग मराठीत, दबक्या आवाजात, "यामिनी, जोड."

"काय जोड?"

"मासा जोड! पहिल्यासारखा!"

"वेडा झालास का? मसाला लागलाय त्याला."

"आईला भेटायचंय मला," हृषिकेश म्हणाला. आवाज त्याचाच होता, पण एरवी तो लपवून ठेवत असे तो.

यामिनीने त्याच्याकडे पाहिले. मग तिने हात धुतले, बांगड्या वर सारल्या, आणि मोजपट्टी टेबलावर पसरली.

आधी डोके ठेवले. मग मानेची तुकडी. ती कुठली हे तिला बघावेही लागले नाही, बोटांनाच ठाऊक होते. तिला तुकड्यांचा क्रम माहीत होता, कडा माहीत होत्या, सुरी कुठे किंचित तिरपी गेली तेही माहीत होते. "मम, ती अपसाइड डाउन आहे," रुचा म्हणाली आणि एक तुकडी उलटली. कल्ल्यांपासून शेपटीकडे एकेक सांधा बसत गेला. हळदीखालून ते लाल ठिपके पुन्हा एका ओळीत आले, एकाचे अर्धे कडे या तुकडीवर, अर्धे त्या तुकडीवर, आणि दोन्ही बरोबर जुळले. पोटापाशी मात्र एक फट राहिली.

"इथे एक तुकडी होती," हृषिकेश म्हणाला. "ती त्या पक्ष्याने नेली." त्याने वर बोट दाखवले. कूकाबरा खदाखदा हसला. तो पक्षी असाच ओरडतो, त्यात वैयक्तिक काही नसते.

"केवढी होती विचार त्याला," यामिनी म्हणाली. "नको, मीच सांगते. माझ्या सगळ्या तुकड्या एका मापाच्या असतात. आमच्याकडे पंगतीत कोणाला मोठी, कोणाला लहान गेली तर वर्षभर बोलणी बसतात." तिने शेजारची तुकडी उचलून फटीत ठेवून दाखवली, घट्ट बसली, आणि परत जागेवर ठेवली.

शेपूट ठेवली तेव्हा ती लाल रेघेच्या चांगली पलीकडे गेली.

वारा पडला होता. नदीचा आवाज तेवढा येत होता. उन्हात तो मासा सोन्याचा दिसत होता, आणि हृषिकेश भीती विसरून त्याच्याकडे बघत राहिला. सकाळी पाण्यातून निघाला तेव्हा तो देखणा होता. आता तो देखणा होता आणि त्याला हळद लागलेली होती. आपण जिच्याशी लग्न केले ती बाई मेलेला मासा पुन्हा उभा करू शकते, हे त्याला इतक्या वर्षांत कोणी सांगितले नव्हते.

समोर पाहिले तर म्हाताऱ्याने हॅट काढून छातीशी धरली होती.

"ब्यूटिफुल," तो म्हणाला. "मी ॲलन. अशी प्रार्थना मी कधी पाहिली नव्हती. तुमच्यात हे नेहमी करतात का?"

"नाही सर. पहिलाच गुन्हा आहे."

ॲलनने मान डोलावली, जणू त्यालाही काहीतरी अर्थ होता.

"आता तुम्हाला जे लिहायचं असेल ते लिहा," हृषिकेश म्हणाला. "फक्त माझ्या नावावर लिहा. मासा मी पकडला, कापायला मी सांगितलं."

"ए, खोटं नको बोलूस, मी कापलाय," यामिनी मराठीत म्हणाली.

"गप्प बस ना जरा."

"काही लिहायचं नाही, मेट," ॲलन म्हणाला. "तुम्ही सावकाश आटपा. मला घाई नाही." त्याने हॅट घातली आणि बराच वेळ तोंडात धरून ठेवलेला प्रश्न, आता विचारायला हरकत नसावी अशा बेताने, हलक्या आवाजात विचारला. "आत कोणी आहे का?"

त्याने हातातल्या दांड्याने टॉयलेटकडे खूण केली, तेव्हा टोकाची पिशवी गळून पडली. खाली ब्रश होता.

करोनामुळे ते टॉयलेट रोज धुवावे लागे.